थांब, थांब... आता धर!

कबड्डी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? शंभरातल्या नव्व्याण्णव जणांच्या डोळ्यांसमोर रेडरच येतो. प्रदीप नरवालची ‘डुबकी’, मांडीवर मारलेली थाप, मग लाइनवर पडून दोन बोटं वर. होर्डिंगवर तोच, शॅम्पूच्या जाहिरातीतही तोच. बिचाऱ्या उरलेल्या सहा-सात जणांकडे कोण बघतंय? ते आपले एकमेकांचे हात धरून, गुडघ्यात वाकून, खेकड्यासारखे आडवे सरकत असतात. रेडर पकडला गेला की कॅमेरा दोन सेकंद त्यांच्यावर येतो, आणि लगेच पुढच्या चढाईवर जातो.

मी मात्र गेले दीड-दोन वर्षं या उरलेल्यांकडेच बघतेय. त्याचं कारण आमच्या घरातच राहतं. उंची पाच फूट आठ इंच, वजन चौसष्ट किलो, भूक चार माणसांची. माझा मामेभाऊ. मूळचा कऱ्हाडचा, शिकायला पुण्यात आला आणि ‘ताई आहे की नारायण पेठेत’ या एका वाक्यावर माझ्या दोन खोल्यांतली पुढची खोली त्याने कायमची काबीज केली. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात, तेव्हा इथेही बारक्याच म्हणू. हा बारक्या कॉलेजच्या टीममध्ये उजवा कव्हर खेळतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्याबद्दल थोडं वाईटसाईट येणार आहे.

आधी थोडी भूमिती. बोअर होऊ नका, दोन मिनिटांत संपवते. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. त्याचं अर्धं म्हणजे साडेसहा मीटर खोल, आणि दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या लॉबी झटापट होईपर्यंत बंद, म्हणजे वापरायला रुंदी उरते 8 मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनसची रेषा. बोनस रेषेपासून मागच्या हद्दीपर्यंत किती जागा राहिली? पावणेदोन मीटर. आमच्या वाड्याचा जिना याहून फार अरुंद नाही. या पट्टीत दोन टोकांना दोन ‘कोपरे’ उभे असतात, त्यांच्या शेजारी ‘इन’, मग कव्हर, मध्ये सेंटर. रेडर आत येतो, बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टाकतो, आणि नियम असा की त्या वेळी त्याचा दुसरा पाय हवेत हवा. म्हणजे क्षणभर तो गडी एका पायावर असतो. कोपऱ्याची सगळी कमाई त्या क्षणावर. घोटा धरला तर धरला. नाही धरला, तर आपण बाद आणि बोनसही त्याचा.

पण खरी गोष्ट यापुढे आहे. कोपऱ्याने घोटा धरला म्हणून पकड होत नाही हो! सत्तर-ऐंशी किलोचा माणूस जीव खाऊन मध्यरेषेकडे झेपावत असतो. एकट्याने धरलेला पाय तो ओढून नेतो. पहिल्या माणसाने धरल्याबरोबर शेजारचा कव्हर कमरेवर यायला हवा, तिसरा खांद्यावर. एका सेकंदात. दोन सेकंद लागले तर रेडर पोचला, आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला ते सगळे बाहेर. म्हणजे उशिरा आलेली मदत ही न आलेल्या मदतीपेक्षा वाईट. (हे वाक्य मला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लावावंसं वाटतं, पण मी फ्रीलान्सर, मला ऑफिसच नाही.)

तर 2023 आणि 2024 अशी दोन वर्षं बारक्याच्या टीमचा बचाव हा चेष्टेचा विषय होता. रेडर दोन झक्कास होते, चढाईत पॉइंट यायचे. पण जितके यायचे त्याहून जास्त जायचे, नळ चालू ठेवून बादली भरावी आणि बादलीला खालून भोक असावं तसं. डावा कोपरा हीरो टाइप. रेडर अजून मध्यरेषेवर ‘कबड्डी कबड्डी’ सुरू करतोय तोवर हा सूर मारून पायाशी. टीव्हीवर याला ‘अॅडव्हान्स टॅकल’ म्हणतात. आमच्या घरमालक आजोबांचा शब्द जास्त नेमका, ‘उतावळा नवरा’. सेंटरला वाटायचं हे कव्हरचं काम, कव्हरला वाटायचं इनचं. 2024 च्या शहर विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्याच मॅचमध्ये यांच्यावर पहिल्या हाफमध्ये दोन लोण चढले. लोण म्हणजे अख्खी टीम बाद, वर समोरच्याला दोन पॉइंट बक्षीस. कॉलेजने त्या वर्षी प्रवासभत्ता पण नीट दिला नव्हता, बूट ज्याचे त्याने आणले होते. मी मॅच बघायला गेले होते. परतताना बारक्या अलका टॉकीजच्या चौकापर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि हा मुलगा झोपेतसुद्धा बोलतो!

गंमत म्हणजे तेच वर्ष पुण्याच्या बचावाने गाजवलेलं होतं. 1 मार्च 2024, हैदराबाद, गचीबावली, प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनची फायनल. आजोबांच्या दिवाणखान्यात आम्ही अकरा जण, काकूंची भडंग आणि एक लहान टीव्ही. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवलं. बघा, 28-25! आजच्या जमान्यातली प्रो कबड्डीची मॅच चाळीस-चाळीस पॉइंटांना सहज जाते. इथे दोन्हीकडून कुणीच कुणाला सोडत नव्हतं. ज्या पलटणने 2014 आणि 2015 च्या पहिल्या दोन्ही सीझनमध्ये आठपैकी आठवा नंबर इमानेइतबारे सांभाळला होता, त्याच पलटणने या वेळी लीगमधल्या 22 पैकी 17 मॅच जिंकल्या आणि फक्त 2 हरल्या. सेमीफायनलमध्ये पाटणा पायरेट्सला 21 वर रोखलं होतं. कॅप्टन अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ वळत नाही.) बी. सी. रमेश कोच.

आणि डाव्या कोपऱ्यात तो इराणी! मोहम्मदरेझा शादलुई. लिलावात पलटणने त्याच्यासाठी 2 कोटी 35 लाख मोजले होते, तेव्हा पेठेतल्या कट्ट्यावर ‘एवढ्यात दोन फ्लॅट आले असते’ अशी टिपिकल चर्चा झाली होती. त्याने त्या सीझनमध्ये पकडीचे 99 पॉइंट मिळवले, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त. सर्वांत जास्त माज पण त्याचाच. रेडरला आडवा केल्यावर तो ज्या पद्धतीने प्रेक्षकांकडे बघतो ना, ते बघून काकू म्हणाल्या, ‘अगं, याची दृष्ट काढली पाहिजे.’

इराणचं हे प्रकरण काय आहे, हे मला तेव्हापासून छळत होतं. कुस्ती त्यांच्या रक्तात आहे, हे तर आहेच. कमरेत ताकद, पाय ओढण्याची सवय. पण कबड्डी आपली, आणि 2018 च्या जाकार्ता एशियाडमध्ये त्यांनी आपल्या पुरुषांना सेमीफायनलमध्ये 27-18 असं गारद केलं. 1990 मध्ये एशियाडमध्ये कबड्डी आल्यापासून पुरुषांचं सोनं कधी हललं नव्हतं, ते हललं. दुसऱ्या दिवशी बायकांच्या फायनलमध्येही इराण 27, भारत 24. त्या इराणी मुलींची कोच कोण होती माहितीये? शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या! आयुष्यभर नाशिकमध्ये पोरींना कबड्डी शिकवलेल्या या बाईंनी तेहरानला जाऊन, भाषा येत नसताना, तिथल्या मुलींना सोन्यापर्यंत नेलं. तेव्हा ‘ते लोक जात्याच दणकट’ वगैरे मला पटत नाही. कुणीतरी शिकवतं, कुणीतरी रोज सकाळी शिकतं. बाकी सगळ्या गप्पा.

आता इथे एक ट्विस्ट आहे आणि कट्ट्यावरचे लोक तो सोयीस्करपणे विसरतात. पुढच्या सीझनला शादलुई गेला हरियाणाकडे. हरियाणा चॅम्पियन झालं. तेही कुठे? 29 डिसेंबर 2024 ला, आपल्या बालेवाडीत, आपल्या नाकावर टिच्चून! अस्लम त्या सीझनला जखमी झाला होता आणि पलटण प्ले-ऑफपर्यंतसुद्धा पोचली नाही. झालं, ‘एका माणसाचा खेळ आहे’ असा निकाल लागला. मग 2025 मध्ये शादलुई नसतानाच, गौरव खत्री, अबिनेश नादराजन ही 2024 चीच मंडळी बचावात घेऊन पलटण परत फायनलला गेली, आणि 31 ऑक्टोबरला दबंग दिल्लीकडून तीन पॉइंटांनी हरली. मग काय समजायचं? एका माणसाचा खेळ की सातांचा? माझं मत मी सांगते, पण आधी कॉलेजकडे चला.

2025 च्या जूनमध्ये टीमला नवे सर आले. म्हणजे कॉलेजने नेमलेले नाहीत, माजी विद्यार्थी, सकाळी साडेपाच ते साडेसात फुकट येणार, नऊला स्वतःच्या नोकरीवर. पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की तीन आठवडे कुणीही कुणालाही पकडायचं नाही. पोरांना वाटलं सर चेष्टा करतायत. कबड्डीत पकडायचं नाही, तर काय फुगड्या घालायच्या?

जवळपास तसंच होतं ते. एकाने रेडर म्हणून यायचं, डावीकडे जायचं, उजवीकडे जायचं. बाकी सहा जणांनी नुसतं सरकायचं. कोपरा आणि इन यांच्या मनगटाला सरांनी जुना पंचा बांधला. पंचा ताणला गेला की शिट्टी, ढिला पडून जमिनीला लागला की शिट्टी. म्हणजे शेजाऱ्यापासून ठरावीक अंतर, ना कमी ना जास्त. सगळ्यांच्या तोंडात दोनच शब्द, ‘थांब’ आणि ‘धर’. ते शब्द कोण उच्चारणार तेही ठरलेलं. कोपऱ्याने नाही, तर त्याच्या शेजारच्या कव्हरने, कारण कोपऱ्याला रेडरचा पाय दिसतो, पण कव्हरला त्याचा खांदा दिसतो आणि माणूस कुठे वळणार हे खांदा आधी सांगतो. बारक्या उजवा कव्हर. म्हणजे उजवीकडचं तोंड तो. बडबड्या मुलाला अखेर कुणीतरी योग्य काम दिलं!

मी दोन-तीनदा सकाळी बघायला गेले. नदीकाठचं एका मंडळाचं मातीचं मैदान, पलीकडे धुक्यात पूल, चहावाल्याचा स्टोव्ह, आणि वीस वर्षांची सात दांडगी पोरं पंचे बांधून ‘थांब, थांब, थांब’ करत इकडून तिकडे सरकतायत. एक आजी प्रभातफेरी थांबवून विचारतात, ‘काय रे, कसलं नाटक बसवताय?’

सरांनी मला बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, तुम्ही पत्रकार ना? लिहायची सवय असेल.’ आणि एक वही हातात दिली. त्यात रकाने. कोण आधी गेलं, दुसरा किती वेळात पोचला (मनात ‘एक’ म्हणायचं, ‘एक’च्या आत आला तर टिक), आणि तिसरा रकाना ‘उगाच’. म्हणजे जायची गरज नसताना गेला. मास कॉमच्या डिग्रीचा इतका थेट उपयोग मला आजवर कुणी करून दिला नव्हता. पहिल्या सराव मॅचला ‘उगाच’च्या रकान्यात चौदा फुल्या पडल्या. त्यातल्या नऊ एकट्या डाव्या कोपऱ्याच्या. सरांनी वही सगळ्यांसमोर वाचली नाही, फक्त त्याला दाखवली. तो आठवडाभर आलाच नाही. मग आला. आल्यावर स्वतःहून म्हणाला, ‘मला पंचा बांधा.’

उजव्या कोपऱ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण ही गोष्ट खरं तर त्याची आहे. टीममध्ये त्याला ‘बायंडर’ म्हणतात. पकडीवरून नव्हे हं! तो खरोखरच बायंडिंग करतो. आमच्या नारायण पेठेत अजून छापखाने आहेत, बोळात शिरलं की शाईचा वास येतो. त्यातल्याच एकात हा संध्याकाळी सहा ते अकरा फॉर्म दुमडतो, शिवतो, खळ लावतो. घर आंबेगावला, वडील रिक्षा चालवतात, धाकट्या दोन बहिणी. त्याच्या बोटांची पकड बघायची असेल तर त्याला कागदाची थप्पी उचलताना बघा. मातीवर तो अप्रतिम होता. पण स्पर्धा मॅटवर, आणि मॅटवर बूट घालून रेडर वळतो फार चटकन. मातीवर घसरणारा पाय तिथे चिकटून राहतो. बायंडर पहिल्यांदा मॅटवर आला तेव्हा दर वेळी अर्ध्या वितीने उशीर. कॉलेजकडे स्वतःचं मॅट नाही. सरांनी कुठूनतरी ओळखीने रविवारी दोन तास मिळवले, आणि त्या दोन तासांत फक्त बायंडर आणि बारक्या, एक पाय आणि एक कंबर, शंभर वेळा.

शंभर वेळा म्हणजे काय ते मी घरी बघत होते. गुडघ्यांना बर्फ, कोपरांना खपल्या, अंगाला बामचा वास. मामीचे रोज फोन. ‘अगं, त्याचा पाय मोडला तर कोण बघणार? त्याला म्हणावं, बुद्धिबळ खेळ.’ मामीची भीती खोटी नव्हती. आदल्या वर्षीच्या सेंटरचं गुडघ्याचं लिगामेंट गेलं, तो अजून जिना कठडा धरून उतरतो. बचावात खेळणाऱ्याचा गुडघा हा कायम दुसऱ्याच्या वजनाखाली असतो. आणि त्याबदल्यात मिळतं काय? मी बारक्याला एकदा हे विचारलं. तो पोहे खात होता. म्हणाला, ‘ताई, रेडर एकटा येतो ना. त्याला परत जायला लागतं. आम्हाला कुठे जायचंय? आम्ही घरीच असतो.’ आणि पुढचा घास घेतला. फार विचार करून बोलला असेल असं नाही.

आजोबांना हे सगळं फार आवडलं. ते तरुणपणी पेठेच्या तालमीत हुतूतू खेळायचे, लंगोट लावून, मातीत. त्यांचं म्हणणं, साखळी ही काही नवीन फॅशन नाही, फक्त आता तिचं इंग्रजीत कॉमेंट्री करतात. माझी एक मैत्रीण अमेरिकेत शिकवते. ती म्हणते, तिथल्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्येही (त्यांचा तो हेल्मेटवाला, हातात चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल) सर्वांत मागे उभ्या असणाऱ्यांत ‘कॉर्नर’ असतात, आणि तिथेही कॉर्नर एकटा पडला की अख्खी टीम धुपते. कोपरा जगात कुठेही जा, कोपराच.

सप्टेंबरच्या अखेरीला शहर विभागाची स्पर्धा. पहिल्या मॅचमध्ये समोर गेल्या वर्षी लोण चढवणारेच. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. खरंच काहीच नाही! रेडर येतोय, जातोय, रिकाम्या हाताने. आमची पोरं सरकतायत. प्रेक्षकांतून ‘अरे खेळा की!’ असं कुणीतरी ओरडलं. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी असते ‘करो या मरो’, पॉइंट नाही आणला तर रेडरच बाद. सरांचा सगळा डाव हाच होता. उगाच पकडू नका, त्यांना तिसऱ्या चढाईपर्यंत आणा. तिसऱ्यांदा रेडर आला आणि आता त्याला घाई होती. बारक्याचा आवाज मला गॅलरीत ऐकू आला. ‘थांब. थांब. थांब.’ रेडरने उजवीकडे बोनसला पाय टाकला, दुसरा पाय उचलला.

‘धर!’

बायंडर खाली, घोट्यावर. बारक्या कमरेवर. वहीत मी ‘एक’ पूर्ण म्हणायच्या आत. तिसऱ्याला यायची गरजच पडली नाही, तरी तो आला. शिकवलेलं होतं ना.

ती मॅच जिंकली, पुढचीही, त्याच्या पुढचीही. एकदा मैदानात तिघेच उरले होते, त्यात डावा कोपरा, आपला माजी उतावळा नवरा. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर एकाऐवजी दोन पॉइंट. अशा वेळी तो गेल्या वर्षी नक्की उडाला असता. या वेळी तो जवळजवळ चढाई संपेपर्यंत उभा राहिला, आणि रेडर परत फिरताना मागून धरला. अव्वल पकड! सर खुर्चीवर उभे राहिले. माझ्या वहीतला ‘उगाच’ रकाना त्या दिवशी दोन फुल्यांवर थांबला.

सेमीफायनल मात्र गेली. दोन पॉइंटांनी. बचावाने नाही घालवली, आमचे रेडर दमले आणि शेवटच्या तीन चढाया वाया गेल्या. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली, त्यात नावं दोन्ही रेडरांची. मी स्वतः याच धंद्यातली, त्यामुळे चार ओळींत काय मावतं ते मला कळतं. तरी चिडले.

माझं मत सांगते म्हणाले होते ना. शादलुई असला की साखळी जास्त मजबूत दिसते, पण साखळी नसली तर शादलुईचे 99 पॉइंट होत नाहीत. मी ज्यांना बघितलं त्यांच्यात शादलुई कुणीच नव्हता, तरीही तीन महिन्यांत बादलीचं भोक बुजलं. यापलीकडे मला काही सिद्ध करायचं नाही.

त्यानंतर आठवड्याने यादी लागली. विद्यापीठाच्या निवड शिबिरासाठी आमच्या टीममधून एकच नाव. बायंडरचं. बारक्याचं नव्हतं.

आता हे शिबिर म्हणजे काय चीज आहे ते समजून घ्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी नुसतं कॉलेजकडून खेळून भागत नाही, वरच्या पातळीवरची कामगिरी लागते. तिकडे जाणारी पहिली पायरी ही अशीच यादी. रिक्षावाल्याच्या मुलाला पोलिसात किंवा कुठल्या खात्यात जायचं असेल, तर हा दरवाजा दर वर्षी बोटभर उघडतो. आणि शिबिर नेमकं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे दिवाळी अंकांचा हंगाम! छापखान्यात त्या दिवसांत लोक घरी जात नाहीत, कागदाच्या थप्प्यांवरच आडवे होतात. मालक वाईट माणूस नाही. पण म्हणाला, ‘दहा दिवस गेलास तर मला दुसरा पोरगा ठेवावा लागेल, आणि एकदा ठेवला की दिवाळीनंतर त्याला कसं काढू?’ बरोबरच होतं त्याचंही. बायंडर सरांना म्हणाला, मी नाही जात.

बारक्या त्या रात्री उशिरा आला. जेवला नाही. मला वाटलं, यादीत नाव नाही म्हणून. मी समजूत घालायला बसले तर म्हणाला, ‘ताई, फॉर्म दुमडायला किती दिवसांत येतं गं?’

दुसऱ्या दिवशी हा छापखान्यात मालकासमोर. दहा दिवस संध्याकाळी सहा ते अकरा मी येतो, हजेरी त्याची लावा, पैसे त्याला द्या. मालकाने याला वरपासून खालपर्यंत बघितलं म्हणे आणि विचारलं, ‘शिवता येतं?’

नव्हतं येत. पहिल्या दिवशी याने सोळा पानांचा फॉर्म उलटा दुमडला, पानं मागेपुढे झाली, आणि साठेक प्रती तशाच पुढे गेल्या. मालकाचा आरडाओरडा बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू आला असं चहावाला सांगतो. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या टेबलवरचे एक काका याच्याकडे लक्ष ठेवायला लागले. चौथ्या दिवशी रात्री साडेअकराला आमच्याकडे मामीचा व्हिडिओ कॉल. बारक्या पाटावर बसून गार पिठलं-भाकरी खात होता. मामीने स्क्रीनला डोळे लावले.

‘ते हाताला पांढरं काय लागलंय रे? प्लास्टर आहे का? खरं सांग!’

‘खळ आहे गं आई.’

‘खळ? कबड्डीत खळ लावतात आता?’

मी फोन माझ्याकडे वळवून घेतला आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. मागून बायंडरचा शिबिरातून मेसेज आल्याची टिंग वाजली. बारक्याने डाव्या हाताने, खळ न लागलेल्या एका बोटाने, तो उघडला. मॅटवर काढलेला फोटो, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, आणि खाली एकच ओळ. उजवीकडचा नवा कव्हर बोलतच नाही रे, काय करू?

बारक्या भाकरी बाजूला ठेवून त्याला व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करायला लागला. सव्वाचार मिनिटांचा झाला. मध्ये एकदा काकूंनी खालून ‘अरे, झोपा आता!’ असा आवाज दिला, तोही त्यात आला आहे.